गप्प कूलर म्हणजे बंद कूलर नव्हे

मार्च सरत आला की नागपूरच्या वस्त्यांतून कूलर बाहेर निघतात. माळ्यावरचे, छपरीतले, जिन्याखाली ठेवलेले लोखंडी डबे धुतले जातात. जुने गवत काढून नवे भरले जाते. पत्र्याला एक हात रंग बसतो आणि गल्लीच्या बाजूच्या खिडकीला, लोखंडी स्टँडवर कूलर चढतो. इंदोरा असो, पाचपावली असो की रामबाग, एप्रिल ते जून सारा संसार त्या एका खिडकीसमोर येऊन बसतो. मे २०१३ मध्ये या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीसचा आकडा तर आपल्या ओळखीचाच आहे. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या, रात्रपाळी करून दुपारी पाठ टेकणाऱ्या माणसाला कूलर ही चैन नाही, ती गरज आहे.

पण याच तीन महिन्यांत वर्तमानपत्रांतून दुसरीही एक बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून बाई दगावली. खेळता खेळता कूलरला हात लागला आणि मूल गेले. विदर्भात असा उन्हाळा विरळाच, ज्यात ही बातमी आली नाही. महावितरण दर उन्हाळ्यात कूलर जपून वापरण्याचे आवाहन करते. आपण ते वाचतो आणि पान उलटतो.

यंदा या विषयावर लिहावेसे वाटले त्याला एक नवे कारण आहे. आता कूलर आपोआप चालू-बंद करणारी साधने बाजारात मिळतात. कुठे तापमान पाहून वीज तोडणारा थर्मोस्टॅट, कुठे टायमर, कुठे मोबाईलवरून चालणारा प्लग. साधने चांगली आहेत, उपयोगाची आहेत. पण ती लावली की कूलर मध्येच गप्प होतो, मध्येच पुन्हा सुरू होतो. आणि घरातल्या माणसाला वाटते, गप्प आहे म्हणजे बंद आहे. नेमका येथेच घात होतो.

आम्ही काही वायरमन नाही. कचेरीत फायली आणि हिशेब सांभाळणारे कारकून आहोत. परंतु वस्तीतल्या कामानिमित्त घरोघर जाणे होते, कूलरच्या तारा नजरेस पडतात, आणि जाणत्या वीजतंत्र्यांना खोदून खोदून विचारण्याची सवय आहे. त्यातून जे पक्के समजले, तेच येथे मांडत आहोत.

भिंतीवरची डबी

आपल्या वस्तीतली मुले आता पुण्या-मुंबईला, हैदराबादला, काही तर परदेशातही नोकरीला आहेत. फोनवर ती आईला सांगतात, "येथे भिंतीवर एक डबी असते, तिच्यात आकडा लावला की घर तेवढेच थंड किंवा तेवढेच गरम राहते." आई विचारते, "मग आपल्या कूलरले काऊन नाही लागत रे तशी डबी?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी ती डबी काय करते ते पाहू.

तिला थर्मोस्टॅट म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. शाळेतील खोल्या किती तापल्या हे पाहायला शिपायाला प्रत्येक वर्गात फिरावे लागे आणि शिकवणे मध्येच थांबे. ही कटकट टाळण्यासाठी त्यांनी वर्गातून विजेच्या तारेने खबर देणारे उपकरण केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडझाप करणारे यंत्र काढले. तेथून आजच्या डबीपर्यंत मूळ कल्पना एकच आहे. हवा किती तापली ते ओळखायचे आणि त्याप्रमाणे एक तार जोडायची किंवा तोडायची. थर्मोस्टॅट स्वतः काहीही थंड करीत नाही. तो नुसता हुकूम देतो.

तो हुकूम कोणाला देतो? थंड देशांतील पुष्कळ घरांत हीट पंप नावाचे यंत्र असते. नाव पंपाचे असले तरी ते पाणी उपसत नाही, उष्णता उपसते. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर नेऊन टाकते आणि हिवाळ्यात उलट काम करून बाहेरची उष्णता घरात आणते. आपल्याकडचा स्प्लिट एसी हा त्याचाच भाऊबंद आहे, फक्त बहुधा एकाच बाजूने काम करणारा. या यंत्राचा जो भाग घरात असतो, ज्यात मोठा पंखा आणि थंड-गरम होणारी नळ्यांची जाळी असते, त्याला एअर हँडलर म्हणतात.

भिंतीवरच्या डबीपासून या एअर हँडलरपर्यंत बारीक रंगीत तारांचा एक जुडगा जातो. प्रत्येक तारेला एका इंग्रजी अक्षराचे नाव असते. 'आर' ही वीज आणणारी तार. 'सी' ही परतीची. 'जी' तारेने पंखा सुरू होतो. 'वाय' तारेने कॉम्प्रेसर. 'ओ' किंवा 'बी' ही उन्हाळा-हिवाळा बदलणाऱ्या झडपेची. आणि 'डब्ल्यू' ही कडाक्याच्या थंडीत लागणाऱ्या जादा हीटरची. डबी फक्त एवढेच करते, की 'आर' मधली वीज गरजेप्रमाणे या तारेला किंवा त्या तारेला देते.

या रचनेत आपण घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, डबीतली वीज फक्त २४ व्होल्टांची असते. एअर हँडलरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर मोठी वीज उतरवून ती लहान करतो. माणसाचा हात जेथे लागतो तेथे लहान वीज, आणि मोठी वीज आत, झाकणाखाली. आपल्या कूलरचे बटण मात्र थेट २३० व्होल्टांवर असते, आणि तेही पाण्याच्या टाकीपासून वीतभर अंतरावर.

दुसरी गोष्ट, पंख्याचा हुकूम वेगळा आणि कॉम्प्रेसरचा हुकूम वेगळा. दोन्ही एकाच तारेवर लटकवलेले नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. तेथील कारागीर एअर हँडलरचे झाकण उघडण्यापूर्वी डबी बंद करून थांबत नाही. तो मागे जाऊन मुख्य ब्रेकर पाडतो. कारण डबीने हुकूम देणे थांबवले तरी आतली मोठी वीज जिवंतच असते, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेले असते. यंत्र गप्प आहे, पण मेलेले नाही. हा धडा आपल्या वस्तीत आणायचा आहे.

कूलरला डबी कोठे लावावी

कूलरचे काम हीट पंपापेक्षा फार साधे आहे. कोरडी तापलेली हवा ओल्या गवतातून येते, पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी असे उडते तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ते शोषून घेते. आणि घरगुती कूलर पंखा-पंप मिळून तासाला पाव युनिटाच्या आसपास वीज खातो. गरिबाला परवडणारा हा व्यवहार आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी चांगल्या गवताचा कूलर साधारण ३० अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. पण जुलैत हवाच ओली असते. तेव्हा पाणी उडत नाही, थंडावा येत नाही, उलट घर चिकचिकते. म्हणून पावसाळ्यात पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

आता रात्रीची गोष्ट घ्या. अकरा वाजता पंप हवाच असतो. पहाटे तीन-चारला हवा निवते, लहान मूल आखडून झोपते, म्हातारी माणसे खोकू लागतात, आणि कोणीतरी अर्धवट झोपेत उठून अंधारात बटण चाचपते. थर्मोस्टॅटचा खरा उपयोग येथे आहे. तो पंपावर लावावा, पंखा वेगळा ठेवावा. खोली ठरावीक अंशावर आली की पंप थांबेल, पंखा चालू राहील आणि गवत वाळून हवा साधी होईल. पंख्याचा हुकूम वेगळा आणि थंडाव्याचा वेगळा, हीच एअर हँडलरची रीत.

थर्मोस्टॅटचा हवा ओळखणारा भाग कूलरच्या झोतात ठेवू नये. नाहीतर खोली तापलेली असतानाच तो "झाले थंड" म्हणून पंप तोडील. उन्हाच्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा टिनाखालीही नको. झोपायच्या जागेजवळ, कमरेच्या वर, सावलीच्या भिंतीवर असावा. चुकीचे मोजमाप किती फसवते हे नागपूरला चांगले ठाऊक आहे. मे २०२४ च्या अखेरीस येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. पुढे हवामान खात्याने सांगितले की सेन्सरच बिघडला होता. सरकारी यंत्राची ही गत, तर आपल्या डबीची काय कथा! तिला चांगली जागा द्या.

चालू आणि बंद यांच्यामध्ये दोनेक अंशांचे अंतर ठेवावे, म्हणजे पंप दर मिनिटाला टकटक करणार नाही. आणि साधन घेताना त्यावर लिहिलेले अँपिअर वायरमनला दाखवावे, कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

बटण कोणत्या तारेवर आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खांबावरून घरात दोन तारा येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. फेज ही जिवंत तार. बटण, रेग्युलेटर, थर्मोस्टॅट, टायमर, जे काही तोडणारे असेल ते फेजवरच असले पाहिजे. म्हणजे तोडले की फेज तेथेच अडते आणि पुढचा पंप, मोटर, सारे शांत होते.

तेच तोडणारे साधन चुकून न्यूट्रलवर बसले तर काय होते? कूलर तसाच थांबतो. पंखा थांबतो, पंप थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला तसूभर फरक दिसत नाही. पण फेज मोटरमध्ये आणि पंपात जाऊन उभी असते. पंपाचा पाण्यातला जोड कुजला असेल किंवा मोटरच्या तारेची साल निघाली असेल, तर टाकीतले पाणी आणि लोखंडी डबा दोन्ही जिवंत. आपली आई, बहीण, बायको येते, पाहते की कूलर बंद आहे, ओल्या गल्लीत अनवाणी उभी राहते आणि पाण्याचा पाइप टाकीत सोडते.

दोन पिनांचा प्लग हे या घाताचे मोठे कारण आहे. तो सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. सरळ घातला तर बटण फेजवर, उलटा घातला तर तेच बटण न्यूट्रलवर. म्हणजे सकाळी सुरक्षित असलेला कूलर संध्याकाळी, प्लग फिरवून लावला एवढ्यानेच, धोक्याचा होतो. म्हणून कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा. त्याची जाड पिन वर धरून सॉकेटकडे तोंड केले, तर उजवीकडचे भोक फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असावे. वायरमनकडून हे तपासून घ्यावे, कारण पुष्कळ जुन्या बोर्डांत या तारा उलट जोडलेल्या असतात. आता वायरीचा रंग सांगतो. कूलरच्या दोरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची.

ही हिरवी-पिवळी तार पुष्कळ घरांत कापून, गुंडाळून, टेप मारून ठेवलेली दिसते. "दोन तारांवर कूलर चालते ना भाऊ, मग तिसरी कायले?" असे सांगणारे भेटतात. कूलर चालतो हे खरे. तिसरी तार कूलर चालवण्यासाठी नाहीच. ती माणूस जगवण्यासाठी आहे.

तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचते का?

तिसरी तार कूलरच्या लोखंडी डब्याला नट-बोल्टने घट्ट बांधलेली असावी, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर. मोटरच्या अंगालाही ती जोडावी. आत फेज सुटून डब्याला लागली, तर करंट माणसाची वाट न पाहता या तारेने जमिनीत जातो.

पण तार जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. आम्ही पाहिले आहे, की बोर्डात तिसरे भोक असते आणि त्याच्या मागे तारच नसते. कोठे ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. हे तर सरळ विष आहे, कारण न्यूट्रल कोठे तुटली किंवा फेजशी अदलाबदल झाली की सारा डबा जिवंत होतो. कोठे ती नळाच्या पाइपाला बांधलेली असते. पूर्वी नळ लोखंडाचे होते. आता मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ती वाट खुंटते, आणि शेजारच्या घरात नळाखाली हात धुणाऱ्याला शॉक बसतो. आपल्या घरचा धोका दुसऱ्याच्या घरी पाठवणे हे माणुसकीचे नाही.

खरे अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला जाड लोखंडी पाइप किंवा सळई. पाइपाचे जुने प्रमाण अडीच मीटर लांबीचे आहे. त्याच्या भोवती कोळसा-मीठ भरतात आणि वरून पाणी घालतात. त्या पाण्यालाच नागपुरात महत्त्व आहे. उन्हाळ्यात माती भेगाळते, कोरडी पडते आणि कोरडी माती करंट नीट घेत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग दुबळे होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहावे.

आता थोडा हिशेब करू, तो आमच्या सवयीचा विषय आहे. समजा अर्थिंगचा विरोध १० ओहम आहे. २३० व्होल्टांना १० ने भागले की २३ अँपिअर करंट जातो. घरातला एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर एवढ्या करंटावर तो लगेच पडेल असे नाही, पुष्कळ मिनिटे तसाच उभा राहू शकतो. अर्थिंग आणखी दुबळे, ५० ओहमचे असेल तर करंट साडेचार अँपिअरच्या आसपास. मग एमसीबी कधीच पडणार नाही, आणि डबा जिवंतच राहील.

फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून "पेटला, म्हणजे अर्थिंग बरोबर" असे सांगण्याची पद्धत आहे. ५० ओहमच्या दुबळ्या अर्थिंगवरही १०० वॉटचा बल्ब चांगला पेटतो, फक्त वीसेक व्होल्ट कमी पडतात, ते डोळ्यांना कळत नाहीत. बल्ब पेटल्याने तार जमिनीपर्यंत गेली एवढे कळते, ती भार पेलील की नाही हे कळत नाही. ते मोजायला अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते. वायरमनला ते आणायला सांगावे.

पहारेकरी

मग उपाय काय? उपाय आहे, त्याचे नाव आरसीसीबी. जुनी मंडळी त्यालाच ईएलसीबी म्हणतात. एमसीबी आणि हा, दोघे सारखे दिसतात, पण काम वेगळे आहे. एमसीबी वायरीला जपतो, जास्त भार आला की पडतो. आरसीसीबी माणसाला जपतो. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तो सतत जुळणी करतो, जशी आपण रोकडवहीची जमा आणि खर्चाची बाजू जुळवतो तशी. कोठे ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, म्हणजे एवढा करंट वाट चुकून जमिनीत चालला, तरी तो एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडतो.

ओल्या अंगाने, अनवाणी पायांनी जिवंत पत्र्याला हात लागला तर अंगातून २०० मिलिअँपिअरच्याही वर करंट जाऊ शकतो. एवढा करंट हृदय बंद पाडायला पुरेसा आहे. १६ अँपिअरचा एमसीबी मात्र १६,००० मिलिअँपिअरची वाट पाहत बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. म्हणून "आमच्या घरी एमसीबी आहे" या बोलण्याने कूलरपुरता दिलासा मानू नये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चांगले अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही असतील, तर डबा जिवंत होताक्षणी, कोणी हात लावण्यापूर्वीच वीज जाते. अर्थिंग नसेल तर आरसीसीबी पडेल, पण कोणाला तरी झटका बसल्यावर. म्हणून एक असले की दुसरे नको, असे मुळीच नाही. दुसरी गोष्ट, आरसीसीबी वारंवार पडू लागला की "कटकट नको" म्हणून तो काढून टाकणारे महाभाग आहेत. तो पडतो आहे म्हणजे घरात कोठेतरी करंट गळतो आहे. राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यायचे नसते, चोर शोधायचा असतो.

त्यावर परीक्षेचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली तर पहारेकरी जागा आहे. नाही गेली तर तो बदलावा. साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत चांगल्या कंपनीचा येतो. रक्कम थोडी नाही, हे आम्ही जाणतो. पण कूलरवर, मोबाईलवर, लग्नातल्या मांडवावर आपण काय खर्च करतो तेही जाणतो.

वायरमनला काय सांगावे

वायरमन आला की नुसते "कूलर चालू करून दे" असे सांगू नये. पुढील कामे एकेक करून घ्यावीत.

१. तीन पिनांचा प्लग आणि तीन तारांची अखंड दोरी. मध्ये टेप मारलेला जोड नको, आणि लोंबती दोरी पाण्यात नको.

२. बटण, रेग्युलेटर, थर्मोस्टॅट आणि टायमर फेजवरच आहेत, हे टेस्टरने आपल्यासमोर दाखवणे.

३. डबा आणि मोटर दोन्हींना अर्थिंग, आणि अर्थिंगचा विरोध मोजून सांगणे.

४. पंप बाहेर काढून त्याची तार आणि जोड पाहणे. साल निघालेला किंवा तडकलेला पंप दुरुस्त न करता बदलणे.

५. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्याच्यासोबत भारासाठी एमसीबी.

६. प्लगचा बोर्ड कूलरपासून दूर, शिंतोडे उडणार नाहीत अशा उंचीवर, आणि पाणी भरणाऱ्याला सहज गाठता येईल असा.

हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. सरकारी कागदांत वायरमनला तारतंत्री म्हणतात. त्याचा परवाना पाहायला मागण्यात संकोच कसला? डॉक्टरची पाटी वाचूनच आपण आत जातो ना!

आधी प्लग, मग पाणी

तारा नीट झाल्या तरी घराची रीत नीट झाली पाहिजे. पाणी भरणे, गवत भिजवणे, टाकी धुणे, ही कामे आपल्या घरी बहुतेक बायकांच्या आणि पोरींच्या अंगावर पडतात. वायरमनशी बोलणारे मात्र पुरुष असतात. ज्याचा हात पाण्यात जातो त्याला तारांची माहिती नाही, आणि ज्याला माहिती आहे त्याचा हात पाण्यात जात नाही. ही वाटणी मोडली पाहिजे. वायरमन येईल तेव्हा घरातल्या बाईने पुढे होऊन सारे विचारून घ्यावे, आणि पाणी भरायला पुरुषांनीही उठावे.

रीत एकच आहे. आधी प्लग, मग पाणी. बटण बंद केले, पंखा थांबला, थर्मोस्टॅटने तोडले, वीज गेली, यांपैकी काहीही प्लग काढल्याच्या बरोबरीचे नाही. वीज गेली असेल तर ती केव्हाही येते. थर्मोस्टॅटने तोडले असेल तर खोली तापताच तो पुन्हा जोडतो, आपला हात पाण्यात असला तरी. मोबाईलवरच्या प्लगची तर बातच वेगळी. कामावर बसलेला मुलगा तेथून कूलर सुरू करतो आणि येथे आई टाकी धूत असते. म्हणून स्वयंचलित साधन असलेल्या घरी हा नियम दुप्पट कडक पाळावा. प्लग काढून तो डोळ्यांसमोर लोंबता ठेवावा. कोरड्या हाताने काढावा, पायात रबरी चप्पल असावी.

गल्लीतल्या मुलांना कूलरच्या बाहेरच्या बाजूला टेकून खेळू देऊ नये. मुलांना ओरडून भागत नाही. त्यांना आत काय आहे ते समजावून सांगितले तर ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

इतके करूनही कोणाला शॉक लागला तर धावत जाऊन धरू नये, धरणाराही चिकटतो. आधी मेन स्विच पाडावा. तो लांब असेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची अशा वस्तूने माणसाला वेगळे करावे. श्वास चालत नसेल तर त्याला पाठीवर सपाट निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाणी पाजणे, कांदा-चप्पल हुंगवणे यात वेळ दवडू नये. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण विजेचा परिणाम हृदयावर नंतरही दिसू शकतो.

जयंतीच्या आधीचा एक रविवार

एकेका घराने हे करायचे म्हटले तर राहून जाते. म्हणून वस्तीने मिळून करावे असे आम्हाला वाटते. आपल्या वस्त्यांतून आयटीआयमध्ये शिकलेली मुले आहेत, कोणी वीजतंत्री, कोणी तारतंत्री, कोणी फ्रिज-एसीच्या कामात. आता मुलीही या ट्रेडला जाऊ लागल्या आहेत. एप्रिल लागला की जयंतीच्या तयारीला मंडळे जमतातच. १४ एप्रिलच्या आधीचा एक रविवार त्याच मंडळींनी कूलर तपासणीला द्यावा. सोबत एक परवानाधारक वायरमन आणि एक अर्थ टेस्टर घ्यावा. गल्लीतल्या प्रत्येक घरी जावे, समाजमंदिरातला कूलरही सोडू नये. ज्याच्याकडे आरसीसीबीला पैसे नाहीत त्याच्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या हप्त्याची सोय बचत गटातून होऊ शकते. सामानाची घाऊक खरेदी केली तर दरही कमी पडतो.

जी घरे तपासून झाली तेथे कूलरवर, टाकीच्या झाकणाजवळ, ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत चार शब्द लिहावेत: आधी प्लग, मग पाणी. वाचता न येणाऱ्या आजीला ते वाचून दाखवावेत, आणि आठवड्याने ते काय आहेत हे तिलाच विचारावे.